अडुळसा काय करतो आणि काय करत नाही

ऑक्टोबर लागला की आमच्या औषधांच्या दुकानात एकच वाक्य दिवसातून वीसदा कानावर येतं. "ताई, खोकल्याचं काहीतरी द्या, पण आयुर्वेदिकच द्या." २०२५ च्या ऑक्टोबरात तर हे वाक्य म्हणणाऱ्यांची रांग लागली होती. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात भेसळीचं कफ सिरप पिऊन लहान मुलं दगावली होती. त्यातल्या काही मुलांवर आपल्या नागपुरात उपचार चालू होते. टीव्हीवर त्या आया रडताना दिसत होत्या. आपल्या लेकराला तसली बाटली नको, असं कुणालाही वाटणारच.

त्या बाटलीतलं विष म्हणजे खोकल्याचं औषध नव्हे. डायइथिलीन ग्लायकॉल नावाचा कारखान्यांत वापरला जाणारा एक गोडसर द्रव त्यात सापडला, आणि तो मूत्रपिंडं निकामी करतो. औषध ज्या पातळ पदार्थात विरघळवतात, त्यातून ही भेसळ शिरते. म्हणजे धोका बाटली भरणाऱ्याच्या निष्काळजीपणात असतो, आणि वर 'हर्बल' लिहिलं म्हणून तो आपोआप टळत नाही. बाटली कुठलीही असो, परवाना क्रमांक, उत्पादकाचा पत्ता आणि तारीख बघूनच घ्यावी. दुकानात उभं राहून एवढंच सांगता येतं. बाकीचं सांगायला वेळ मिळत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

माझी आत्या देवरुखजवळच्या एका गावात राहायची. तिच्या परड्याला अडुळशाचं कुंपण होतं, कारण शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. वनस्पतिशास्त्रातलं त्याचं 'अधाटोडा' हे नावसुद्धा तमिळमधून आलं आणि त्याचा अर्थच 'शेळी शिवत नाही ते' असा आहे. थंडीत त्याला पांढरी फुलं येतात. फुलाला वरचा आणि खालचा असे दोन ओठ असतात आणि खालच्या ओठावर जांभळट रेघा. जबडा उघडलेल्या सिंहासारखं दिसतं म्हणून संस्कृतात त्याला सिंहास्य म्हणतात. आम्ही मुलं ती फुलं तोडून देठाकडून मध चोखायचो.

पानांचं मात्र तसं नाही. ती कडू जहर. कच्ची पानं पाट्यावर वाटली तर नुसता हिरवा चोथा होतो, रस सुटत नाही. आत्या पूर्ण वाढलेली, गडद रंगाची सात-आठ पानं धुऊन घ्यायची, केळीच्या पानात घट्ट गुंडाळायची आणि चुलीतल्या गरम राखेखाली पुरून ठेवायची. थोड्या वेळाने पुडकं काढलं की आतली पानं मऊ आणि काळपट झालेली असत. ती जुन्या लुगड्याच्या फडक्यात घालून पिळली की चमचा-दोन चमचे घट्ट हिरवा रस निघायचा. त्यात मध घालून ती आमच्यासमोर धरायची आणि पोटात जाईपर्यंत हलायची नाही. तोंडातला कडूपणा दुपारपर्यंत जायचा नाही. फार्मसी शिकायला गेले तेव्हा कळलं की आयुर्वेदात या कृतीला पुटपाक म्हणतात. पानातला रस पेशींच्या भिंतींमागे कोंडलेला असतो, उष्णतेने त्या भिंती ढिल्या पडतात. आत्याला पेशी ठाऊक नव्हत्या, पण राखेत किती वेळ ठेवायचं ते तिला हाताने कळायचं.

आता हा रस छातीत जाऊन काय करतो? खरं तर तो छातीत जातच नाही. आपण जे पितो ते अन्ननलिकेतून पोटात जातं, फुफ्फुसात नाही. काढा 'छाती धुऊन काढतो' असं म्हणतात तेव्हा हे विसरायला होतं. काढ्यातलं जे काही आतड्यातून रक्तात शोषलं जाईल, तेवढंच फुफ्फुसापर्यंत पोहोचेल. बाकीचा उपयोग घशाला, गिळताना होईल तेवढाच.

फुफ्फुसाची स्वच्छता मुळात फुफ्फुस स्वतःच करतं, आणि ती व्यवस्था डोळ्यांसमोर आणली की बरेच गैरसमज गळून पडतात. श्वासनळीला झाडासारखे फाटे फुटत जातात, वीसेक वेळा. या नळ्यांना आतून बारीक, डोळ्यांना न दिसणारी लव असते. त्या लवेवर कफाचा पातळ थर पसरलेला असतो. हवेतली धूळ, जंतू, धूर त्या थराला चिकटतात. लव सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलते, सगळी एकदम नाही तर एकामागून एक, वाऱ्यावर जोंधळ्याचं शेत हलतं तशी. त्या लाटेवर कफ हळूहळू वर सरकतो, घशाशी येतो आणि आपण तो नकळत गिळून टाकतो. दिवसभर, झोपेतसुद्धा. निरोगी कफात ९५ टक्क्यांहून जास्त पाणी असतं. सर्दी-खोकल्यात तो वाढतो आणि घट्ट होतो. लव तो ढकलू शकत नाही, मग शरीर खोकल्याचा जोर लावतं. तंबाखूच्या आणि चुलीच्या धुराने तर ही लवच लुळी पडते. म्हणून विडी ओढणाऱ्याला सकाळी उठल्या उठल्या खोकल्याची उबळ येते.

यावरून छातीच्या कुठल्याही औषधाला विचारायचा प्रश्न ठरतो. तू नेमकं कुठलं काम करतोस? कफ पातळ करतोस, की घसा ओला ठेवतोस, की आवळलेल्या नळ्या उघडतोस, की जंतू मारतोस? ही चार कामं वेगळी आहेत. घरगुती वनस्पती पहिल्या दोन कामांत खरोखर उपयोगी पडतात. पुढच्या दोन कामांसाठी त्यांच्यावर विसंबलं तर माणूस हातचा जाऊ शकतो.

पहिल्या कामात अडुळशाची कामगिरी मोठी आहे. १८८८ साली हूपर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने त्याच्या पानांतून एक कडू द्रव्य वेगळं केलं. संस्कृतातल्या 'वासा' या नावावरून त्याला व्हॅसिसिन म्हणतात. पुढे या रेणूची रचना समोर ठेवून, त्यात बदल करत करत, १९६० च्या दशकात जर्मनीत ब्रोमहेक्सिन हे औषध तयार झालं. घट्ट कफातले चिकट धागे तोडून तो पातळ करणं हे त्याचं काम. ब्रोमहेक्सिन शरीरात गेल्यावर त्याचं ज्या पदार्थात रूपांतर होतं, तो अँब्रोक्सॉल आता स्वतंत्र औषध म्हणून विकला जातो. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या ओल्या खोकल्याच्या सिरपवर यातलं एक नाव बहुतेक वेळा असतंच. म्हणजे "ॲलोपॅथी नको, अडुळसा द्या" म्हणणारा माणूस पुष्कळदा त्याच झाडाची जुनी फांदी मागत असतो. फरक एवढाच की गोळीत किती मिलिग्रॅम आहे ते ठाऊक असतं. पानात ते झाडागणिक, ऋतूगणिक बदलतं.

त्याच बदलत्या मात्रेमुळे एक गोष्ट निक्षून सांगते. गरोदर बाईने अडुळसा घेऊ नये. व्हॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावतं, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. सुईणी बाळंतपणानंतर अडुळसा देत, त्यामागेही हेच असावं असं मला वाटतं. दुकानात पोटुशी बाई खोकत आली की मी बाटली परत आत ठेवते.

आत्या रसात कधीकधी चिमूटभर पिंपळीची पूड घालायची. या चिमटीचीही एक कथा आहे. पिंपळीने अडुळशाचा गुण वाढतो, असं १९२९ साली बोस नावाच्या एका अभ्यासकाने लिहून ठेवलं होतं. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेतले संशोधक अटल आणि त्यांचे सहकारी १९७० च्या दशकात याच धाग्याच्या मागे लागले. पिंपळी आणि मिरी यांच्यात पायपेरिन असतं. ते औषध आतड्यातून जास्त शोषू देतं आणि यकृताला ते लवकर मोडू देत नाही. त्यातूनच पुढे क्षयरोगाची एक गोळी निघाली. तिच्यात रिफॅम्पिसिन ४५० मिलिग्रॅमऐवजी २०० च घातलं आणि जोडीला १० मिलिग्रॅम पायपेरिन. आपल्या स्वयंपाकघरातल्या मिरीचं हे काम मला फार मोठं वाटतं.

पण याची दुसरी बाजू रोजच्या जगण्यात आड येते. दम्यासाठी थिओफायलिनची गोळी घेणाऱ्याच्या रक्तात पायपेरिनमुळे त्या औषधाचं प्रमाण वाढतं. थिओफायलिनची उपयोगाची मात्रा आणि त्रासाची मात्रा यांत अंतर फार थोडं आहे. मळमळ, छातीत धडधड, हाताला कंप सुटू शकतो. नेहमीच्या आमटीतल्या मिरीने काही बिघडत नाही. चूर्ण करून, मधात कालवून दिवसातून तीनदा चाटत असाल, तर मात्र डॉक्टरांना तसं सांगा. 'ते काय, घरचंच आहे' म्हणून लोक हे सांगतच नाहीत.

घसा ओला ठेवण्याच्या कामात ज्येष्ठमध आणि मध यांना तोड नाही. गवय्ये गाण्याआधी ज्येष्ठमधाची काडी तोंडात धरतात ते उगीच नाही. तिच्या गोड चिकट रसाचा पातळ लेप घशावर बसतो आणि खवखवीतून उठणारी कोरडी ढास शमते. चार-पाच दिवस काडी चघळायला हरकत नाही. महिनोन्महिने ज्येष्ठमधाची पूड खाल्ली तर मात्र त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीर मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम घटतं आणि रक्तदाब चढतो. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या रुग्णाने त्यापासून लांबच राहावं.

मधाबद्दल मी निःशंक आहे. साध्या सर्दीतल्या खोकल्यासाठी मुलांवर मधाच्या चाचण्या झाल्या आहेत. काहीही न देण्यापेक्षा मधाने खोकला कमी होतो आणि रात्रीची झोप बरी लागते, असं त्यांत दिसलं. रात्री निजताना एक चमचा पुरे. पण एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही, बोटाला लावून चाटवायलाही नाही. मधात कधीकधी बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असतात. मोठ्यांची आतडी त्यांना दाद देत नाहीत. तान्ह्याच्या आतड्यात ते रुजतात आणि बाळ लुळं पडतं. जन्मल्याबरोबर मध चाटवण्याची रीत आपल्याकडे अजून आहे, म्हणून एवढं जोर देऊन लिहिते.

हळदीच्या दुधाने आणि तुळशीच्या काढ्याने बरं वाटतं. गरम पातळ पदार्थ पोटात जातो, घसा शेकतो, पाणी भरपूर प्यायलं जातं आणि कोणीतरी आपल्यासाठी ते उकळून आणलेलं असतं. हे सगळं खरं आहे आणि आजारी माणसाला हवंच असतं. हळदीतलं कर्क्युमिन मात्र रक्तात फारच थोडं शोषलं जातं, आणि दिवाळीनंतर विकायला येणारे 'फुफ्फुसातला धूर बाहेर काढणारे' काढे धूर बाहेर काढत नाहीत. वायुकोशांत गेलेली काजळी तिथल्या भक्षक पेशी उचलतात, त्यांच्या गतीने. कुठल्याही चहाने त्यांचा वेग वाढत नाही. आणि प्रमाण तर हवंच. करोनाच्या काळात लोक काढे घागरीने प्यायले. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. माझं म्हणणं इतकंच, की डोळे पिवळे झालेल्या माणसाने आपण कुठला काढा पितो ते डॉक्टरांपासून लपवू नये.

वाफ, निलगिरी, ओव्याची पुरचुंडी आणि कापूर यांच्याविषयी थोडं सविस्तर. निलगिरी किंवा पुदिन्याचा अर्क हुंगला की नाक उघडल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात नाकातून जाणारी हवा फारशी वाढलेली नसते. नाकातली गारवा ओळखणारी मज्जातंतूंची टोकं चेतवली जातात आणि मेंदूला मोकळं वाटतं. मोठ्या माणसाने त्या सुखासाठी हुंगायला काही अडचण नाही. उकळत्या पाण्याचं पातेलं मुलापुढे ठेवून डोक्यावर टॉवेल टाकणं मात्र सोडा. पातेलं कलंडून मांड्या भाजलेली मुलं दर हिवाळ्यात रुग्णालयात येतात आणि वाफेने सर्दी लवकर बरी होते असा ठोस पुरावाही नाही. कापूर तर लहान मुलांच्या जवळही नको. थोडासा जरी पोटात गेला तरी मुलाला झटके येऊ शकतात, आणि तो त्वचेतूनही शोषला जातो. उशीखाली कापराची पुडी, गळ्यात कापराची पोटली, तेलात कापूर विरघळवून छातीला चोळणं, यातलं काहीही बाळासाठी नाही.

आणि धुरी. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घातल्यावर ओवा, वावडिंग, लसणीची सालं निखाऱ्यावर टाकून धुरी द्यायची, हे आपल्या घराघरांत प्रेमाने केलं जातं. आत्यानेही केलं. पण त्या बाळाच्या नळ्या गवताच्या काडीपेक्षा बारीक असतात आणि लव नुकती कामाला लागलेली असते. निखाऱ्याचा धूर हा धूरच, त्यात ओवा टाकला म्हणून तो औषध होत नाही. शेक हवा तर तव्यावर ओवा गरम करून, पुरचुंडी बांधून बाळंतिणीची पाठ शेकावी. बाळाला धूर नको.

आता ज्या कामांत वनस्पती पुऱ्या पडत नाहीत ती. दम्यात अडचण फक्त कफाची नसते. नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात आणि आतलं अस्तर सुजतं. इथेही वनस्पतींनी वैद्यकाला खूप दिलं आहे. आपल्याकडे धोतऱ्याची पानं चिलमीत ओढायचे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही रीत मद्रासहून इंग्लंडात गेली आणि तिथे दम्याच्या विड्या विकल्या जाऊ लागल्या. धोतऱ्यातल्या ॲट्रोपिनने नळ्या सैल होतात, पण त्यानेच माणूस भ्रमिष्टही होतो. पुढे ॲट्रोपिनचा रेणू बदलून इप्राट्रोपियम बनवलं. ते पंपातून (इनहेलरमधून) श्वासाबरोबर ओढलं की नळ्यांपुरतंच काम करतं, मेंदूत शिरत नाही. गुण ठेवला, विष काढलं. म्हणून आज कोणी धोतऱ्याचं पान सुचवलं तर त्याला हात जोडा.

तरीही लोक पंपाला घाबरतात. "पंपाची सवय लागते ना ताई?" हा प्रश्न मला रोज येतो. साधं गणित सांगते. आवळलेल्या नळ्या उघडणाऱ्या साल्ब्युटामॉल या औषधाची एक गोळी ४ मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका गोळीत चाळीस दाबांचं औषध. गोळी पोटातून, रक्तातून, सगळ्या अंगाला फिरून नळ्यांशी येते, पंप थेट जागेवर पोहोचवतो. सवय लागते ती श्वास नीट घेण्याची.

कोजागिरीला चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून दम्याचं औषध देण्याची पद्धत महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहे. तिथे जाणाऱ्यांना मी अडवत नाही. फक्त पंप खिशात ठेवा म्हणते, कारण रात्रीच्या गारठ्यात जागरण केल्यावर दम उखडू शकतो. मला खरी धास्ती वाटते ती बिननावाच्या पुड्यांची. वीस वर्षांचा दमा दोन पुड्यांत थांबला असं कोणी सांगितलं की माझ्या मनात पहिली शंका येते ती त्यात कुटून घातलेल्या स्टिरॉइडची. काही महिन्यांनी तोंड सुजून गोल होतं, साखर वाढते, आणि पुडी एकदम बंद केली की माणूस कोसळतो.

शेवटी जंतूंचं. एक जुना श्लोक वैद्य मंडळी आवडीने म्हणतात. वासा हाताशी असताना आणि जगण्याची आशा असताना क्षयाच्या, खोकल्याच्या, रक्त पडणाऱ्या रोग्याने का म्हणून खचावं, असा त्याचा भाव आहे. ज्या काळी दुसरं काही नव्हतं, त्या काळी हा श्लोक म्हणणाऱ्याने रोग्याला किती धीर दिला असेल! आज मात्र क्षयावर सहा महिन्यांत बरं करणारी औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आणि जगातल्या क्षयरोग्यांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे.

आमच्याकडे एक रिक्षावाले काका यायचे. दर आठवड्याला अडुळशाची एक बाटली न्यायचे, "छातीत मोकळं वाटतं" म्हणायचे. वाटत असणारच, कफ पातळ होत होता. पाचव्या बाटलीला पैसे द्यायला त्यांनी हात पुढे केला तेव्हा घड्याळाचा पट्टा मनगटावरून कोपराकडे घसरला. मी विचारलं, खोकला कधीपासून? ते म्हणाले, गणपतीपासून. तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. त्या आधीच्या चारही बाटल्या मीच दिल्या होत्या आणि एकदाही विचारलं नव्हतं. थुंकीच्या तपासणीत क्षय निघाला. ते बरे झाले, पण त्यांच्या घरात दोन वर्षांची नात होती आणि तिला प्रतिबंधक औषध घ्यावं लागलं. तेव्हापासून अडुळसा मागणाऱ्या प्रत्येकाला मी आधी दिवस विचारते. दोन आठवडे उलटले असतील तर बाटलीबरोबर थुंकी तपासणीच्या केंद्राचा पत्ता देते. थुंकीत रक्त, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन घटणं यातलं काही असेल तर दोन आठवडेही थांबायचं नाही.

लहान मुलांसाठी घरात घड्याळ असलं की पुरतं. मूल शांत किंवा झोपलेलं असताना अंगातलं झबलं वर करायचं आणि पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ साठ किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षं चाळीस किंवा जास्त श्वास घेत असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ दूध पीत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर मोजत बसू नका. रस, चाटण, शेक सगळं तिथेच ठेवा आणि मुलाला उचलून दवाखान्यात न्या, रात्रीचे दोन वाजले असले तरी.